गावच्या बंद घराला सीसीटीव्ही: आधी लाईट आणि केबल, कॅमेरा सगळ्यात शेवटी

मुंबई-पुण्यात राहणारे आणि कोकणात घर असणारे आपण बहुतेक जण एकच पद्धत पाळतो, गणपती झाले की दारं-खिडक्या लावायच्या, मेन स्विच खाली ओढायचा, किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायची आणि गाडीत बसायचं. आता बऱ्याच जणांना वाटतं की चार कॅमेरे लावले की मोबाईलवर घर दिसेल. दिसतंही, पण किती दिवस ते कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर अवलंबून नसतं, घरात लाईट कशी फिरवलीय आणि केबल कशी ओढलीय त्यावर असतं. पाऊस सुरू झाला की पहिल्या आठवड्यात ज्या सिस्टीम बंद पडतात त्यांचे कॅमेरे सहसा ठणठणीत असतात, गेलेलं असतं ते जॉइंट, एसएमपीएस (कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) नाहीतर एमसीबी (लाईनचा आपोआप पडणारा स्विच). म्हणून हा सगळा लेख उलट्या क्रमाने लिहिलाय, कॅमेरा भिंतीवर चढवणं शेवटी येतं.

कागदावर घर काढा, आणि दोन गोष्टी लिहा

एक साधा नकाशा काढायचा. घर, अंगण, गेट किंवा पाणंदीकडून येणारी वाट, मागचं दार, परसातली विहीर आणि पंप. मग लिहायचं की माणूस कुठून येऊ शकतो, आणि कुठल्या ठिकाणी तो आपसूकच थांबतो. थांबण्याची जागा फार महत्त्वाची, म्हणजे गेटची कडी काढताना, पुढच्या दाराच्या कुलपापाशी, मागच्या दारापाशी. तिथेच चेहरा मिळतो. चालत्या माणसाचा रात्रीचा चेहरा कुठलाच साधा कॅमेरा नीट देत नाही, पुसट डाग दिसतो.

इथे एक हिशोब सांगतो जो दुकानदार सांगत नाहीत. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू येण्यासाठी चित्रात दर मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल लागतात, असं या क्षेत्रातलं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. ओळखीचा माणूस असेल तर १२५ सुद्धा चालतात. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० पिक्सेल असतात. १९२० ला २५० ने भागा, साडेसात मीटरच्या जरा वर येतं. म्हणजे कॅमेऱ्याला जिथे साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंदीचा भाग दिसतोय तिथला चेहरा विसरा. आता २.८ एमएमची लेन्स खूप पसरट बघते, तिच्यात ही रुंदी तीनेक मीटर अंतरावरच येते, ३.६ एमएममध्ये साधारण साडेचार मीटरवर, आणि ६ एमएममध्ये आठेक मीटरवर. दुकानात "सर सगळं अंगण कव्हर होईल" म्हणून २.८ हातात देतात, अंगण होतंही कव्हर, पण गेट दहा मीटरवर असेल तर गेटवरचा माणूस म्हणजे नुसती आकृती. त्यामुळे गेटसाठी ६ एमएम किंवा कॅमेराच गेटच्या खांबाजवळ, पुढच्या पडवीसाठी ३.६, आणि मागच्या अरुंद बोळात २.८ अशी वाटणी करायची. चारही कॅमेरे एकाच लेन्सचे घ्यायची काही गरज नाही, डीव्हीआरला (रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला) त्याने काही फरक पडत नाही.

कुठली सिस्टीम

वायफाय कॅमेरा स्वस्त, अर्ध्या तासात लागतो, शहरातल्या फ्लॅटला छान. पण बंद घरात राउटर अडकला की सगळंच आंधळं, आणि चिऱ्याच्या जाड भिंतीतून वायफाय परसापर्यंत पोचत नाही. सिमकार्ड आणि सोलरवाले कॅमेरे बागेत, जिथे वायर नेणंच शक्य नाही तिथे ठीक, पण कलमांच्या सावलीत आणि जून ते सप्टेंबरच्या ढगात त्यांची बॅटरी भरत नाही, हे धरून चाला.

राहिले दोन प्रकार. आयपी कॅमेरे, ज्यात एकाच लॅन केबलमधून चित्र आणि पॉवर दोन्ही जातात, आणि अॅनालॉग एचडी, ज्यात डीव्हीआर, बीएनसी कनेक्टर (चित्राच्या केबलची गोल पिन) आणि १२ व्होल्टचा एसएमपीएस असतो. आयपीचं चित्र चांगलं, वायरिंग सुटसुटीत, केबल १०० मीटरपर्यंत चालते. तरी गावच्या घराला मी अॅनालॉग सुचवतो, कारण एकच आहे, बिघडलं तर तालुक्याच्या गावात दुरुस्त करणारा मिळतो. बीएनसीची पिन कुठलाही केबलवाला बदलून देतो, आयपीचा पीओई स्विच (लॅन केबलमधून पॉवर देणारा डबा) उडाला तर मात्र पार्सल येईपर्यंत थांबायचं. तुमच्या गावाजवळ आयपीवाला चांगला माणूस असेल तर खुशाल आयपी लावा.

खरेदी करताना

चार कॅमेऱ्यांच्या घराला लागतं ते असं: चार बुलेट कॅमेरे, आयपी६६ किंवा ६७ रेटिंगचे (हे पाण्या-धुळीचं रेटिंग, आयपी कॅमेऱ्याशी त्याचा संबंध नाही), चार चॅनलचा डीव्हीआर, सीसीटीव्हीसाठीचीच हार्डडिस्क म्हणजे डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक असली, १२ व्होल्ट ५ अँपियरचा एसएमपीएस, बीएनसी आणि डीसी पिना, प्रत्येक कॅमेऱ्यामागे एक चौकोनी पीव्हीसी बॉक्स, आणि थ्री प्लस वन केबल. या केबलमध्ये एक चित्राची कोएक्स आणि तीन पॉवरच्या बारीक वायरी असतात, बंडल सहसा ९० मीटरचं येतं.

पैसे वाचवायचे असतील तर कॅमेऱ्यात वाचवा, केबलमध्ये नाही. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल तांब्याच्या नावाने सर्रास विकतात. ओळखायचं सोपं आहे, वायरीचं टोक सोलून ब्लेडने खरवडा, आतून पांढरं निघालं की अॅल्युमिनियम. पुढे लाईटच्या भागात सांगतो याने नेमकं काय होतं.

अजून एक, २०२५ च्या एप्रिलपासून भारतात विकायच्या नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्या पास व्हाव्या लागतात, एसटीक्यूसी (सरकारी चाचणी संस्था) प्रमाणपत्र म्हणतात ते हेच. जुना पडून राहिलेला माल स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, बिल घ्या आणि मॉडेल नंबर बिलावर लिहून घ्या.

हार्डडिस्क किती? एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) मध्ये २ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) ठेवला तर दिवसाला २१-२२ जीबी खातो. चार कॅमेरे म्हणजे ८६ जीबी. १ टीबीमध्ये दहा-अकरा दिवस मावतात, २ टीबीमध्ये तीन आठवडे. बंद घराला २ टीबीच घ्या, कारण चोरी झाल्याचं कळायलाच कधीकधी आठ-दहा दिवस जातात.

भिंतीला हात लावायच्या आधी सगळं जमिनीवर जोडा

हे कोणी करत नाही आणि नंतर शिडीवर उभं राहून फोन लावत बसतात. ओटीवर चटई टाकायची, डीव्हीआर उघडायचा, हार्डडिस्क चार स्क्रूने बसवायची, साटा (डेटाची) आणि पॉवरची वायर लावायची, टीव्हीला एचडीएमआय, माऊस, आणि चारही कॅमेरे हातभर केबलने जोडून चालू करायचे. चारही चित्रं आली? कॅमेऱ्यावर हात ठेवून अंधार केला की लाल लाईट लागून चित्र काळं-पांढरं होतंय? हार्डडिस्क दिसतेय, रेकॉर्डिंग मागे जाऊन बघता येतंय? एक रात्रभर तसंच चालू ठेवा. खराब पीस असेल तर इथेच कळतो, आणि दुकानदार बदलून देतो. भिंतीवरून काढून नेलेला पीस बदलून द्यायला तो किरकिर करतो.

आता लाईट

बंद घराचं सगळ्यात मोठं कोडं म्हणजे तो मेन स्विच. तो खाली ओढला की कॅमेरेही मेले. इलेक्ट्रिशियनला सांगून मीटरनंतर सीसीटीव्हीसाठी वेगळी लाईन काढून घ्या, तिला स्वतःचा ६ अँपियरचा एमसीबी, म्हणजे बाकी घराचा स्विच बंद करून निघालात तरी ही लाईन चालू राहते. हे काम स्वतः करू नका, २३० व्होल्टचं आहे. १२ व्होल्टच्या बाजूला काय हवं ते करा.

त्या लाईनवर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत सोडणारा) हवाच आणि त्याला खरं अर्थिंग हवं. गावच्या जुन्या घरात अर्थिंगची तार बघावी तर दोन फूट जमिनीत जाऊन गंजून तुटलेली असते. मे महिन्यातल्या वळवाच्या विजा आणि ऑक्टोबरमधल्या परतीच्या विजा या दोन वेळा सगळ्यात जास्त एसएमपीएस आणि डीव्हीआरचे पोर्ट जातात. अर्थिंग धड नसेल तर सर्ज प्रोटेक्टरला तो करंट सोडायला जागाच मिळत नाही.

मग इन्व्हर्टर. चार कॅमेरे, डीव्हीआर, राउटर मिळून रात्री ४० वॅटच्या आसपास लागतात. कॉम्प्युटरचा साधा ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर त्यातली ७ एएचची बॅटरी तासभर ओढेल, आणि गावात वादळाने खांब पडला की लाईट तासाभरात येत नाही. १५० एएचची बॅटरी आणि इन्व्हर्टर असेल तर इन्व्हर्टर स्वतः जे खातो ते धरूनही साधारण एक दिवस निघतो. फक्त त्यावर पंखा-फ्रिज काही नको, बंद घरात कोण बसलंय. बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर बघायला दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी यायला हवं, ते किल्ली ज्यांच्याकडे आहे त्या काकांनाच प्रत्यक्ष दाखवून ठेवा, फोनवर सांगून जमत नाही.

आता ती अॅल्युमिनियमची गोष्ट. कॅमेरा दिवसा कमी करंट घेतो, रात्री इन्फ्रारेड, म्हणजे अंधारात बघायचे ते लाल दिवे, लागले की साधारण दुपटीच्या आसपास जातो. लांब आणि बारीक वायरीतून हा जास्तीचा करंट गेला की पलीकडे पोचेपर्यंत १२ व्होल्टचे साडेदहा, कधी साडेनऊ राहतात. मग काय होतं, दिवसभर चित्र एकदम काचेसारखं, आणि अंधार पडला की कॅमेरा बंद, परत चालू, परत बंद. मालक म्हणतो कॅमेरा खराब, दुकानदार म्हणतो डीव्हीआर खराब, आणि दोघंही चुकीचे. मल्टीमीटर घ्या, रात्री इन्फ्रारेड चालू असताना कॅमेऱ्याच्या टोकाला व्होल्टेज मोजा. ११ च्या खाली असेल तर केबलमधली मोकळी पडलेली तिसरी वायर प्लसला किंवा मायनसला जोडीने लावा, दोन्ही टोकांना. तरी नाही भागलं तर लांबच्या त्या एका कॅमेऱ्याला जवळच स्वतंत्र १२ व्होल्टचा अडॅप्टर द्या.

केबल

वाशांवरून उघडी केबल सोडू नका, उंदीर कुरतडतात. कौलांवरून तर अजिबात नको, वानरं उड्या मारतात आणि केबल ओढून नेतात. पीव्हीसी पाईपमधून न्या, वळणांवर बेंड लावा, आणि लाईटच्या वायरीपासून फूटभर लांब ठेवा, नाहीतर चित्रात वर सरकणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात.

भिंतीतून बाहेर काढताना भोक आतून बाहेर पाडा आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा. सरळ किंवा उलट उतार राहिला तर पहिल्या झडीला पाणी त्याच भोकातून घरात येतं. चिऱ्याची भिंत जाड असते, लांब बिट लागतं, आणि ड्रिल हॅमरवर ठेवू नका, चिरा भुगा होऊन भोक ढोली होतं. बीएनसी पिन आधी लावून केबल ओवायला जाऊ नका, भोक उगीच मोठं करावं लागेल, आधी केबल ओवा, मग पिन लावा.

कॅमेऱ्यापाशी केबल थेट बॉक्समध्ये घुसवू नका, आधी खाली झोळ द्या, म्हणजे वरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, जॉइंटमध्ये जात नाही. बीएनसी आणि डीसीचा जॉइंट बॉक्सच्या आत, वर सेल्फ अमाल्गमेटिंग टेप, म्हणजे ती रबराची टेप जी ओढून गुंडाळली की स्वतःलाच चिकटते. साधी काळी टेप कोकणातल्या दमटपणात एका पावसाळ्यात सुटते आणि पिन हिरवी पडते. बॉक्सच्या तळाला एक बारीक भोक ठेवा, आत जमलेला घाम निघून जायला, आणि केबलच्या बाजूची फट सिलिकॉनने बुजवा, नाहीतर मुंग्या आणि पाली आत संसार मांडतात.

कॅमेरा चढवणं

उंची आठ ते नऊ फूट. पंधरा फुटांवर लावला तर हात पोचत नाही हे खरं, पण फक्त टोपी आणि टक्कल दिसतं. चिऱ्यात ६ एमएमची गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) ढिली पडते, ८ एमएमची घ्या आणि दोन इंची स्क्रू, गंजू नये म्हणून स्टेनलेस स्टीलचे.

पूर्व-पश्चिमेकडे थेट तोंड नको, सकाळ-संध्याकाळ उन्हाने समोरचा माणूस काळा दिसतो. पडवीच्या आत इतका आत लावू नका की कौलांची कड किंवा वासा चित्रात येईल, कारण रात्री इन्फ्रारेड त्या जवळच्या लाकडावर आपटून परत येतो, कॅमेऱ्याला वाटतं खूप उजेड आहे, आणि अंगण अंधारात जातं. पण पागोळ्यांच्या बाहेरही नको, थेंब दिसत राहतात. कडेपासून वीतभर आत, तोंड खाली झुकलेलं, ही जागा मिळते का बघा.

अँगल दिवसा लावा, स्क्रू मात्र रात्री घट्ट करा. एका माणसाला काळोखात गेटपासून दारापर्यंत चालायला सांगा, कुलपापाशी थांबायला सांगा, आणि मग रेकॉर्डिंग मागे नेऊन, चित्र थांबवून बघा की चेहरा ओळखू येतोय का. थेट चित्र बघून समाधान मानू नका, पुरावा म्हणून रेकॉर्डिंगच वापरायचंय.

डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका. चोर आधी तोच उचलतो. माडीवर, जुन्या कपाटात, जिथे हवा खेळते पण नजर जात नाही तिथे ठेवा.

सेटिंग आणि मोबाईल

पहिलं काम पासवर्ड, आणि तो मोठा, घराच्या नावाचा किंवा मोबाईल नंबरचा नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर कंपनीने दिलेले साठेक नेहमीचे पासवर्ड लावून ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठ्या वेबसाइट्स कित्येक तास बंद पाडल्या. ते कॅमेरे असेच कोणाच्यातरी घरचे होते. लावून देणाऱ्या माणसाकडे अॅडमिन पासवर्ड राहू देऊ नका, तो गेला की लगेच बदला.

तारीख-वेळ नीट लावा, टाइम झोन साडेपाच तास पुढे. मग एच.२६५, चोवीस तास रेकॉर्डिंग, आणि मोशनवर फक्त अलर्ट. नुसत्या मोशनवर रेकॉर्डिंग ठेवलं तर नेमका हवा तो क्षण सुटू शकतो. माणूस ओळखणारा पर्याय असेल तर तोच चालू करा, नाहीतर हलणाऱ्या माडाच्या झावळ्यांचे रात्रीत शंभर अलर्ट येतात आणि दोन दिवसांत आपण ते बघणंच सोडतो. व्हिडिओ लॉसचा अलर्टही चालू ठेवा, कोणी वायर कापली तर तो येतो.

इंटरनेटला फायबर असेल तर उत्तम, नसेल तर ४जी सिमचा राउटर. सिमवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून राउटरमधून थेट डीव्हीआरपर्यंत पोचायची सोय) बहुधा चालत नाही, कंपनीच्या अॅपमध्ये क्यूआर कोड स्कॅन करून जोडा, तेच सोपं. मोबाईलवर बघताना सब स्ट्रीम (कमी पिक्सेलचं हलकं चित्र) ठेवा, तासाला सव्वादोनशे एमबीच्या आसपास जातं, मेन स्ट्रीमवर ९०० एमबी. आणि सिमचा रिचार्ज संपायची तारीख मोबाईलमध्ये अलार्म लावून ठेवा, बंद पडलेल्या सिस्टीमचं हे फार नेहमीचं कारण आहे.

शेजारी आणि कायदा

कॅमेऱ्यात शेजाऱ्यांचं अंगण, न्हाणी, सार्वजनिक विहीर येत असेल तर अँगल बदला, नाहीच जमलं तर डीव्हीआरमध्ये प्रायव्हसी मास्क असतो, तेवढा भाग काळा करता येतो. बाईमाणसाचं खासगीतलं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. सामायिक घर असेल, चुलत्यांचा हिस्सा असेल, तर आधी सगळ्यांना विचारा. अशाच दोन भावांच्या वादात एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात लावलेले कॅमेरे चालणार नाहीत असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. गणपतीत सगळे जमतात तेव्हाच बोलून घ्या, वाद होत नाहीत.

काही घडलंच तर आधी रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर काढा, कारण डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. घटनेच्या अर्धा तास आधीपासून काढा, माणूस टेहळणी करून गेलेला असतो. मोबाईलवरून टीव्हीच्या स्क्रीनचा व्हिडिओ काढून देऊ नका. कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) असते, म्हणून मूळ हार्डडिस्क काढून बाजूला ठेवा आणि डीव्हीआरमध्ये दुसरी लावा. पोलिसांनी डिस्क नेली तर पंचनाम्यात तिचा सिरियल नंबर लिहिलाय ना ते बघा.

वर्षभर

मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीत एकदा काचा पुसायच्या, मऊ कपड्याने, आधी फुंकून धूळ उडवायची. रात्री चित्रासमोर पांढऱ्या दोऱ्या नाचताना दिसल्या तर ते कोळ्याचं जाळं असतं. कुंभारीण माशी कॅमेऱ्याच्या टोपीखाली मातीचं घर बांधते, तेही काढा. किल्लीवाल्या काकांना एका कागदावर मोठ्या अक्षरात तीन गोष्टी लिहून बोर्डाशेजारी चिकटवा: कुठला एमसीबी वर करायचा, राउटर बंद-चालू कसा करायचा, आणि हिरवे दिवे किती दिसले पाहिजेत. विजा पडून गेल्यावर दहातल्या आठ वेळा तुमचा फोन त्यांनाच जाणार असतो आणि काम एवढंच असतं, पडलेला एमसीबी वर करणं.